रहबरचा मुलगा आणि बुधवारची गाणी

नववीच्या वर्गात शब्दांचा तास चालू होता. फळ्यावर ‘पायदान’ हा उर्दू शब्द लिहून अर्थ विचारला. एका मुलीने लगेच हात वर केला, “सर, पाय पुसायचं असतं ते.” वर्ग हसला. पण ती चुकली नव्हती, दारातल्या पायपुसण्यालाही पायदान म्हणतात. मी तिला म्हटले, घरी जाऊन दादा-दादींना विचार. दुसऱ्या दिवशी ती आली ती उत्तर घेऊनच. दादा म्हणाले होते, “पायदान म्हणजे गाण्याची पायरी. बुधवारी रात्री आठ वाजता कळायचं, कुठलं गाणं कितव्या पायरीवर आहे ते.”

मुलीला यातले काहीच समजले नव्हते. गाण्याला पायरी कशी असेल? आणि बुधवारचा काय संबंध? तिला सांगायला बसलो तेव्हा लक्षात आले की ही गोष्ट फक्त गाण्यांची नाही. नवीन काय ऐकावे, हे लोकांना कोण सांगणार आणि कोणत्या जबानीत सांगणार, या प्रश्नाची ती गोष्ट आहे. या प्रश्नावर आपल्या देशात सत्तर वर्षांपूर्वी एक लढत झाली. तिच्या एका बाजूला पुण्यात जन्मलेला मंत्री होता आणि दुसऱ्या बाजूला मुंबईचा वीस वर्षांचा मुसलमान तरुण.

मंत्र्याचा हुकूम

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. शास्त्रीय संगीतावर त्यांचे मनापासून प्रेम होते. सिनेमाची गाणी मात्र त्यांना उथळ आणि पाश्चात्त्यांची नक्कल करणारी वाटत. आकाशवाणीवरच्या चित्रपट संगीताला त्यांनी कात्री लावली. गाणी निवडून, गाळून घेतली जाऊ लागली. गायकाचे नाव सांगायचे पण चित्रपटाचे नाही, कारण ती जाहिरात होते, असेही ठरले. निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवण्याचे परवानेच काढून घेतले. बघता बघता देशाच्या सरकारी रेडिओवरून देशाची सगळ्यात लोकप्रिय गाणी नाहीशी झाली.

केसकरांवर एकतर्फी टीका करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात १९५२ मध्ये सुरू झाला. संस्थाने विलीन झाली आणि दरबारांचा आश्रय संपला, तेव्हा कितीतरी गायक-वादकांची चूल आकाशवाणीच्या पगारावर पेटली. त्यांत उस्तादही होतेच.

पण त्यांच्या विचारात एक गाठ होती, आणि तिच्याबद्दल मराठी मुसलमानांनी तरी बोलले पाहिजे. हिंदुस्थानी संगीत मूळचे अध्यात्माचे, मुसलमान राजांच्या आणि उस्तादांच्या हाती पडून ते दरबारी व शृंगारिक झाले, घराण्यांच्या कुलपात अडकले, अशी त्यांची मांडणी होती. आता हे महाराष्ट्राच्या नकाशावर ताडून पाहा. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या कोल्हापुरात राहिले. त्यांची गायकी केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी पुढे नेली. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. मिरजेतल्या शिकलगार घराण्याने तलवारींना धार लावण्याचे काम सोडून तंतुवाद्ये घडवली आणि तिथला तंबोरा देशभर गेला. कुलूप असते तर हे सगळे बाहेर आले असते का? पुण्यात जन्मलेल्या माणसाच्या दारासमोरून हा प्रवाह वाहत होता.

थोडक्यात, केसकरांची शिफारस हुकमाच्या रूपात आली. तुमच्या भल्याचे काय ते आम्ही ठरवले आहे, तुम्ही फक्त ऐका.

कोलंबोची वाट

लोकांनी वाद घातला नाही. त्यांनी रेडिओचा काटा फिरवला.

दुसऱ्या महायुद्धात लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांच्या करमणुकीसाठी श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, एक शक्तिशाली रेडिओ केंद्र उभारले होते. युद्ध संपले, ते केंद्र सिलोन सरकारकडे आले आणि रेडिओ सिलोन झाले. त्याची खरी ताकद लघुलहरींत होती. मध्यम लहरी साधारण आपल्या परिसरापुरत्या चालतात. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैल दूर खाली उतरतात. म्हणून मुंबईचे केंद्र जिथे खरखरत येई, तिथे समुद्रापलीकडचे कोलंबो खणखणीत लागे. मधेच आवाज दूर गेल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा जवळ यायचा. जुन्या माणसांना त्या हेलकाव्यासकट गाणी पाठ आहेत.

रेडिओ सिलोनच्या व्यापारी विभागाला जाहिरातदार हवे होते आणि भारतीय जाहिरातदारांना श्रोते. स्विस कंपनी सिबा हिची ‘बिनाका’ टूथपेस्ट आधी पाश्चात्त्य गाण्यांचा ‘हिट परेड’ कार्यक्रम सादर करत होती. तसाच कार्यक्रम हिंदी गाण्यांचा करून पाहू, असे ठरले. काम बरेच आणि मानधन आठवड्याला २५ रुपये. अनुभवी मंडळी तयार होईनात, म्हणून ते काम अमीन सयानी या तरुणाकडे आले. १९५२ च्या डिसेंबरमध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली.

सुरुवातीला अर्ध्या तासात सात गाणी लागत. लोकप्रियतेप्रमाणे त्यांचा क्रम लावून श्रोत्यांनी पत्राने कळवायचा आणि बक्षीस मिळवायचे, असा तो खेळ होता. सयानी मुलाखतींत सांगत, पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत मजल गेली. एवढी पत्रे उघडणार कोण? १९५४ पासून स्पर्धा बंद झाली आणि गाण्यांनाच पायऱ्या मिळाल्या. त्या पायऱ्या म्हणजेच पायदान.

योगायोग पाहा. ब्रिटनमधल्या ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाने दुकानांना फोन करून रेकॉर्डच्या विक्रीवरून तिथली पहिली क्रमवारी छापली ती १४ नोव्हेंबर १९५२ रोजी, गीतमालेच्या जेमतेम तीन आठवडे आधी. अमेरिकेत तर रेडिओवर १९३५ पासूनच असा कार्यक्रम होता. नवीन गाणी मोजून, लावून, लोकांपुढे ठेवण्याची ही जगभरची लाट होती. आपल्याकडे ती सरकारी दार बंद असल्यामुळे शेजारच्या देशातून आली.

गाणे मुंबईत तयार व्हायचे. रेकॉर्ड कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघायची. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन त्याची फीत विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून लहरींवर स्वार होऊन आमच्या नातेपुत्यातल्या हॉटेलात उतरायची. अब्बा सांगत, बुधवारी हॉटेलात चहा कमी आणि माणसे जास्त असत. रेडिओला तेव्हा परवाना लागे, पोस्टात पैसे भरावे लागत, घरोघरी संच कुठून असणार? हिवाळ्यात इशाच्या जमातीची आणि गीतमालेची वेळ एकमेकांवर येई. हॉटेलवाला अजान होताच आवाज बंद करायचा. काही जण मशिदीकडे वळत आणि नमाज आटोपून घाईघाईने परत येत, “कितव्यावर आलं?” विचारत. संगीताविषयी आपल्या समाजात दोन मते आहेत आणि ती फार जुनी आहेत. दादा रेडिओच्या बाजूचे नव्हते. पण अब्बा कुठे गेलेत हे त्यांना माहीत असे, आणि त्यांनी कधी विचारले नाही.

त्या काळी एक विनोद सांगितला जाई. दहा घरांची पाहणी केली तर नऊ घरांत रेडिओ सिलोन लागलेले आढळले. दहाव्या घरातला संच बिघडलेला होता.

आईची शाळा

अमीन सयानींचा आवाज सगळ्यांना आठवतो. मला त्यांची भाषा जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती कुठून आली हे आपल्यापैकी थोड्यांना माहीत असते.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, मुंबईचा. शाळेचे सुरुवातीचे शिक्षण गुजराती माध्यमात झाले. आई कुलसुम सयानी मुंबईच्या प्रौढ साक्षरता चळवळीतल्या कार्यकर्त्या. घरोघर जाऊन बायकांना लिहा-वाचायला शिकवणाऱ्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्यांनी १९४० मध्ये ‘रहबर’ हे पाक्षिक काढले आणि वीस वर्षे चालवले. नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या माणसांसाठी ते होते. मजकूर एकच, सोप्या हिंदुस्थानीत, पण छापला जाई देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. लहानपणी अमीन आईला या कामात मदत करत. कठीण शब्द काढून सोपा घालायचा, पण अर्थ पातळ होऊ द्यायचा नाही, ही तालीम त्यांना तिथे मिळाली. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

रहबर म्हणजे वाट दाखवणारा. मराठीत आपण वाटाड्या म्हणतो. त्यातला ‘राह’ आपल्या ‘राहदारी’त आजही आहे. वर्गात मी हा खेळ नेहमी खेळतो. गीतमालेत ठरावीक आठवडे टिकलेल्या गाण्याला मानाने निरोप दिला जाई, त्याला ‘सरताज’ म्हणत. ‘सर’ म्हणजे डोके, ‘ताज’ म्हणजे मुकुट. हा ‘सर’ परका वाटतो का? मग सरसेनापती, सरन्यायाधीश आणि प्रत्येक मंडळाचा सरचिटणीस कुठून आला? ‘पायदान’मधले ‘दान’ म्हणजे ठेवायची जागा. आपल्याकडे ते ‘दाणी’ झाले: अत्तरदाणी, पिकदाणी, मच्छरदाणी. नागरीत लिहिले काय आणि नस्तालीकमध्ये लिहिले काय, शब्द घरचेच असतात.

आकाशवाणीची हिंदी तेव्हा संस्कृतकडे झुकत चालली होती. बातम्या समजायला शब्दकोश लागतो, अशी तक्रार होती. आणि त्याच वेळी सीमेपलीकडून हा मुलगा ‘रहबर’च्या भाषेत बोलत होता. संबोधन करताना तो आधी बहिणींना हाक मारी, मग भावांना. तोपर्यंतचा रिवाज उलटा होता. बायकांना अक्षरे शिकवणाऱ्या आईच्या मुलाला तो क्रम बदलावासा वाटला, यात मला नवल वाटत नाही.

गाण्याची ओळख करून देण्याची त्यांची पद्धतही शिक्षकाची होती. गायक कोण, संगीत कोणाचे, शब्द कोणी लिहिले, चित्रपट कोणता, मागच्या आठवड्यात गाणे कुठे होते, या वेळी का वर चढले. ज्या कवीचे नाव थिएटरात कुणी वाचत नसे, ते बुधवारी रात्री गावोगाव पोचे. साहिर, शैलेंद्र, मजरूह, राजेंद्र कृष्ण ही नावे अब्बांना पाठ होती, आणि ती त्यांनी कुठल्याही पुस्तकात वाचलेली नव्हती.

पुणतांब्याचा रामचंद्र

१९५३ च्या वार्षिक यादीत पहिल्या पायदानावर आलेले गाणे होते ‘अनारकली’ चित्रपटातले. कथा मुघल दरबारातल्या दंतकथेची, शब्द राजेंद्र कृष्ण यांचे, आवाज लता मंगेशकरांचा. आणि संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे गोदाकाठच्या पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकर यांचे.

हेच चितळकर दोन वर्षांपूर्वी ‘अलबेला’मध्ये भगवानदादांना नाचवत होते. त्यांच्या वाद्यवृंदात गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून तयार झालेले हे लोक दिवसा स्टुडिओत येत आणि नोटेशन लिहीत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेव्हियर वाझ हे रामचंद्र यांचे सहायक. ‘अलबेला’च्या पडद्यावर ते आपल्या बँडसह दिसतातही. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे स्विंग, लॅटिन अमेरिकेचा रुम्बा, अरबी वळणाची धून, ठुमरी, कव्वाली, कोळीगीताचा ठेका, सगळे तीन-साडेतीन मिनिटांच्या एका बाजूत मावत होते.

म्हणजे आमच्या हॉटेलातल्या माणसांनी जग पाहिले नव्हते, पण ऐकले होते. १९५५ चे अव्वल गाणे ‘श्री ४२०’मधले, मुकेश यांचे. देशोदेशीचे कपडे अंगावर घालून चाललेला आणि मन मात्र इथलेच आहे म्हणणारा तो भटक्या. १९६० ला ‘बरसात की रात’, १९६३ ला ‘ताजमहल’. दोन्हीकडे रोशन यांचे संगीत आणि साहिर लुधियानवींचे शब्द. केसकरांना जी भेसळ वाटत होती, ती लोकांना मेजवानी वाटली. ती पाहुणचार म्हणून वाढली गेली, पथ्य म्हणून नव्हे. फरक इतकाच.

शेवटी सरकारलाही वळावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि आकाशवाणीवर सिनेमाची गाणी सन्मानाने परतली. तरी गीतमाला कोलंबोहून १९८८ पर्यंत चालू राहिली. १९८९ मध्ये ती विविध भारतीवरच आली. ज्या घराने दार लावले होते, त्याच घरात तिला पाट मांडला गेला.

जे राहून गेले

आठवणींना साखर लागते, म्हणून हेही लिहिले पाहिजे. गीतमाला टूथपेस्ट विकण्यासाठी होती. तिच्यात फक्त हिंदी सिनेमाची गाणी होती. मराठी भावगीत नाही, लावणी नाही, उरुसातली कव्वाली नाही, पालखीबरोबर आमच्या गावात मुक्कामाला येणारा अभंग नाही. पायऱ्या आल्या की वर चढण्यासाठी ढकलाढकलही येते. दुकानांतून येणारे विक्रीचे आकडे फुगवले जातील ही शंका असे, म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मतेही मोजली जात. काही उत्तम गाणी शेवटच्या पायरीलाही पोचली नाहीत आणि आज ती अजरामर आहेत. शिफारस करणारा चुकतो.

पण चुकणारा माणूस समोर असतो, त्याला पत्र लिहून भांडता येते. हुकमाशी भांडता येत नाही. आणि आज आपल्या मुलांना जो शिफारस करतो, त्याच्याशी तर बोलताही येत नाही.

आजचा काटा

माझ्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरात मोबाईल आहे. त्यात जगातले जवळजवळ सगळे संगीत आहे. कोलंबोहून विमान यायची गरज नाही. तरीही मी विचारतो तेव्हा एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांना एकमेकांची गाणी माहीत नसतात. ॲपची रीत अशी आहे की काल जे ऐकले त्याच्यासारखेच ते आज पुढे करते. नातवाला कव्वाली ऐकवली की कव्वालीच येत राहते. शेजारच्या मुलाने मिरवणुकीतले गाणे लावले की तसलीच दहा. हळूहळू एका आळीची एक यादी होते आणि दुसऱ्या आळीची दुसरी. हॉटेलात एकच रेडिओ होता, म्हणून दोन्ही आळ्या एका गाण्यावर वाद घालत होत्या. आता वाद घालायलाही सामाईक गाणे उरले नाही. आणि कुणाच्या स्टेटसवर कोणते गाणे आहे, यावरून गावे पेटायची वेळ येते.

सरकारचा हातही काट्यावर अधूनमधून पडतोच. मे २०२५ मध्ये, युद्धाच्या वातावरणात, पाकिस्तानी मालिका-चित्रपटांबरोबर तिथली गाणीही काढून टाकावीत, अशी सूचना माहिती व प्रसारण मंत्रालयाने दिली. काळ वेगळा, कारणेही वेगळी. खाते मात्र केसकरांचेच.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत वारले. तेव्हापासून माझ्या मनात होते की त्यांच्यासाठी काहीतरी करावे. भाषण नको, पुतळा नको. वर्गात बुधवारी शेवटच्या तासाची दहा मिनिटे राखून ठेवली. नियम दोनच. आणलेले गाणे शेजाऱ्याने ऐकलेले नसावे. आणि लावण्याआधी ते कोणी केले, कोणत्या भाषेत आहे, आपल्याला का आवडले, हे चार सोप्या वाक्यांत सांगावे. उर्दूत सांगितले तर मराठीतही, आणि मराठीत सांगितले तर उर्दूतही.

एका मुलीने कोरियन गाणे आणले आणि त्यातला एक शब्द भाषांतर करून सांगितला. एकाने अरूज आफताब या गायिकेचा २०२४ चा ‘नाइट रेन’ हा अल्बम शोधला. न्यूयॉर्कमध्ये राहून जॅझच्या साथीने उर्दू गाणारी बाई वर्गाला पहिल्यांदा भेटली. एकाने ‘सैराट’ आणले. सगळे ओरडले, हे तर ऐकलंय! तो म्हणाला, “पण याची वाद्यं अमेरिकेत वाजवलीत हे माहिताय का?” खरेच आहे. करमाळ्याच्या नागराज मंजुळेंच्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी सिंफनीचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला. नियम मोडला होता, पण मी गाणे लावू दिले. पुणतांब्याच्या रामचंद्राची वाट अजून बुजलेली नाही, हे त्या मुलाने न सांगता दाखवले होते.

पायदानाचा अर्थ पायपुसणे सांगणारी ती मुलगी मागच्या बुधवारी आपल्या दादांचा जुना आवडता तुकडा घेऊन आली, ‘अनारकली’मधला. वर्गातल्या कुणीही तो ऐकलेला नव्हता. तिने आधी मुलींकडे पाहिले, मग मुलांकडे, आणि म्हणाली, “बहिणींनो आणि भावांनो.”

तिला हे कोणी शिकवले, ते मी विचारले नाही.